काशीला सोडलेला रोलर कोस्टर

आमच्या संभाजीनगरात दरवाजे आहेत, मकबरा आहे, जवळच लेणी आहेत, आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी सणही असतो. नाही तो फक्त रोलर कोस्टर. मग ज्याला कोस्टरचं वेड आहे त्यानं या शहरात करायचं काय? तर भांडायचं. राईडवर बसायला पाच-सहा तासांचा प्रवास करून लांबच्या पार्कात जायचं आणि भांडायला घरी यायचं, असा आमचा शिरस्ता. बसणं दोन मिनिटांत उरकतं, भांडण पुढच्या सहलीपर्यंत पुरतं.

आम्ही म्हणजे तिघं. एक मी, शाळेत भूगोल शिकवणारी, पन्नाशी ओलांडलेली बाई. दुसरे आमचे शेजारी, वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघणारे इंजिनिअर. हे गृहस्थ कुठल्याही राईडवर बसण्याआधी वाकून तिची चाकं बघतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या पंचांग वाचलेलं. शब्दाचा अर्थ एकदा ठरला की ब्रह्मदेवानंही तो बदलू नये, असं त्यांचं म्हणणं. तिसरे छावणीतले बेकरीवाले. आमची सभा त्यांच्या बेकरीत मागच्या टेबलावर भरते आणि उठताना आमच्या मांडीवर खारीचा चुरा असतो.

इंजिनिअर कोस्टरवाले आणि बेकरीवाले पाणीवाले. हे दोन पंथ जगातल्या सगळ्या पार्क-शौकिनांत असतात म्हणे, पण आमच्याकडे त्यांची धार जरा जास्त. ज्या गावात नळाची वाट बघत आठवडा जातो, तिथल्या माणसाला धो धो पाण्यात पडायला तिकीट काढावंसं वाटणारच.

"भाभी, बिना पानी का झूला म्हणजे बिना चाय की खारी," बेकरीवाले म्हणायचे. "घशात अटकती."

"पाणी हा मेकअप आहे," इंजिनिअर चष्मा पुसत म्हणायचे. "उतार कमी पडला की पाणी उडवतात. माणूस भिजला म्हणून ओरडतो आणि त्याला वाटतं आपण घाबरून ओरडलो."

मी इंजिनिअरांच्या बाजूची. नुसती बाजूची नाही, त्यांच्यापेक्षा मोठ्या आवाजात. एकदा तर मी टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "खाली रूळ असला आणि त्यावर चाकं असली की तो कोस्टर! मग वरून पाणी पडो नाहीतर ताक!" बेकरीतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली होती. हे वाक्य दोघांनीही पक्कं लक्षात ठेवलं. मीही ठेवलं असतं तर पुढचा मनस्ताप वाचला असता.

राईड मोजायचं आमचं एक माप होतं. परदेशातले शौकीन इंटरनेटवर काय काय मोठमोठे शब्द वापरतात. गाडी शिखरावरून सुटते, बूड जागेवरून उचललं जातं आणि आतडी मागे राहून आपण पुढे जातो, त्या क्षणाला आपल्या मराठीत तयार शब्द आहे. पोटात गोळा येतो. आम्ही त्याचेच भाग पाडले. लहान मुलांच्या सुरवंटासारख्या गाडीला पाव गोळा. बऱ्यापैकी उताराला अर्धा. आणि ज्यात तोंडातून आवाजच फुटत नाही तो पूर्ण गोळा. उलटंपालटं करणाऱ्या वळशांना आमच्याकडे मान नाही, कारण उलटं केल्यानं गोळा येत नाही, फक्त खिशातली किल्ली पडते. पुढची सीट म्हणजे देखावा आणि मागची सीट म्हणजे गोळा, यावर मात्र आमच्या तिघांचंही एकमत होतं.

आणि एकच नियम होता. जो बसला नाही, त्याला मत नाही. फोटो बघून, दुसऱ्याचं ऐकून बोललेलं चालणार नाही. बूड लावा आणि मग बोला.

हे वेड मला लावलं माझ्या सासऱ्यांनी. मी नवी नवरी होते, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेला सगळे गेलो होतो. सासू-सासरे त्यांच्या गावाहून, कन्नडहून, मुद्दाम आलेले. आकाशपाळणा बघून माझा नवरा म्हणाला, "तुम्ही बसा, मी चपला सांभाळतो." तो माणूस पक्का जमिनीवरचा. अजूनही लिफ्टमध्ये भिंत धरून उभा राहतो. मी हिरमुसले. तेव्हा डोक्याला फेटा बांधलेले, घरात फारसं न बोलणारे माझे सासरे म्हणाले, "चल पोरी. ह्यो नाय येत तर नाय. आपण बसू." पाळणा वरून खाली झेपावला की ते मोठ्यानं ओरडायचे, "आला! आला!" मला वाटलं खाली ओळखीचं कोणी आलंय, मी घाबरून डोक्यावरचा पदर सारखा करत होते. तिसऱ्या फेरीला मला समजलं, ते गोळ्याबद्दल सांगत होते.

त्यानंतर दरवर्षी आम्ही दोघं जत्रेत बसायचो. त्यांचे गुडघे गेले तशी मी एकटी बसायला लागले. मग पार्कं आली, कोस्टर आले, इंजिनिअर आणि बेकरीवाले भेटले. प्रत्येक सहलीहून आल्यावर मी कन्नडला फोन करायची आणि सासरे पहिला प्रश्न विचारायचे, "आला का?" माझं मत घरात विचारणारा तो एकच माणूस होता. बाकी सगळे मला भाजीत मीठ किती पडलं एवढंच विचारायचे.

ते गेले आणि त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर आत्याबाईंना काशीला जायचं होतं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. नवरा, मी आणि त्या, असे तिघं गेलो. पिंडदान झालं. मग वेळ आली काहीतरी सोडायची. काशीला गेलं की गेलेल्या माणसाच्या नावानं आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची, अशी रीत. लोक त्यातही डोकं चालवतात. माझ्या माहेरच्या निम्म्या लोकांनी काशीला कारलं सोडलंय, आणि त्यातल्या एकानंही ते आधी कधी खाल्लेलं नाही.

घाटाच्या पायऱ्यांवर पंडाजींनी विचारलं, "बोलो, क्या छोड़ा?" माझा नवरा चटकन म्हणाला, "शेपू."

आत्याबाई भडकल्या. "शेपू? ताटात शेपू दिसला की तू लहानपणापासून पळतोस! असलं सोडायचं असंल तर काशीला कशाला यायचं? कन्नडला बसून सोडता आलं असतं. जे सोडताना जीव कळवळतो ते सोडायचं असतं." मग त्यांनी गंगेकडे तोंड केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "मी सीताफळ सोडलं."

शेताच्या बांधावरची सीताफळाची झाडं सासऱ्यांनी आत्याबाईंसाठी लावली होती. मोसमात त्या जेवण सोडून सीताफळ खायच्या. बिया थुंकायला शेजारी पातेलं घेऊन बसायच्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घरून निघतानाच दोडका पक्का करून आले होते. दोडका जिभेवर आला होता. पण त्या सीताफळानंतर दोडका कसा म्हणणार? तोंडून निघून गेलं, "मी रोलर कोस्टर सोडला."

पंडाजी गोंधळले. "ये कौन सा फल है?"

"लोहे का," माझा नवरा म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की त्यानं गंगेला पुन्हा एकदा नमस्कार केला. आत्याबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "लई मोठं सोडलंस पोरी." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांनी माझ्या पाठीवर असा हात पहिल्यांदाच ठेवला. मला रडू आलं. निम्मं सासऱ्यांसाठी होतं आणि निम्मं कोस्टरसाठी, खोटं कशाला सांगू?

पुढची वर्षं वाईट गेली. सहलींना मी जायची, पण खाली उभी राहायला. तिघांच्या पिशव्या, चष्मे, मोबाइल, बेकरीवाल्यांची टोपी, सगळं माझ्या गळ्यात. दोघं राईडवरून उतरायचे ते भांडतच. "पाऊण गोळा!" "अरे साब, पूरा था, पूरा!" मी मध्ये काही बोलायला गेले की इंजिनिअर अत्यंत नम्रपणे म्हणायचे, "वहिनी, क्षमा करा. आपण बसला नाहीत." नियम माझ्याच तोंडून ठरलेला, त्यामुळे मूग गिळून गप्प बसण्याशिवाय इलाज नव्हता. कोस्टर गेला याचं दुःख होतंच. पण माझं मत गेलं, हे जास्त झोंबत होतं.

गुपचूप बसता आलं नसतं का? आलं असतं. पार्कात कोण बघायला येतंय? पण दसऱ्याच्या सुमारास बांधावरची सीताफळं पाटीतून घरी यायची. सासरे गेल्यापासून आत्याबाई आमच्याकडेच राहायला होत्या. त्या स्वतःच्या हातानं फळं फोडून आम्हाला द्यायच्या, मुलांसाठी गर काढून बिया वेगळ्या करायच्या आणि मग हात धुऊन टाकायच्या. बोटसुद्धा चाटायच्या नाहीत. हे बघितल्यावर माझी काय बिशाद होती?

तर असं सगळं सुरू असताना एके दिवशी बेकरीवाल्यांनी फोनवर एक चित्रफीत दाखवली. आम्ही जातो त्याच पार्कात नवी राईड आली होती. होडीच्या आकाराची गाडी. ती आधी पाण्यातून डुलत जाते, मग रुळावर चढते, उंच जाते, तिथून रुळावरूनच सुसाट खाली येते आणि धप्पकन पाण्यात शिरते. भिंतीएवढं पाणी उडतं.

बेकरीवाल्यांनी माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "भाभी, काशीत काय सोडलं तुम्ही? रोलर कोस्टर. पानीवाली राईड थोडीच सोडली?"

माझ्या पोटात तिथेच पाव गोळा आला. खरंच की! मी कोस्टर सोडला होता. होडीबद्दल मी गंगेला काहीही बोलले नव्हते. मी इंजिनिअरांकडे बघितलं. एका माणसाच्या एका शब्दावर सगळं अडलं होतं, आणि माणूस नेमका हा.

ते चित्रफीत पुन्हा पुन्हा बघत होते. शेवटी म्हणाले, "खाली रूळ आहे. चाकं रुळाला वरून आणि खालून धरतात. हा कोस्टर आहे, वहिनी."

"अहो, पण शेवटी ती पाण्यात पडते."

"कोस्टर पाण्यात पडला म्हणून होडी होत नाही."

"तुम्हीच म्हणता ना, पाणीवाल्या राईडी वेगळ्या?"

"मी म्हणतो. पण त्या रूळ नसलेल्या. आणि आपणच या टेबलावर म्हणाला होतात, वरून पाणी पडो नाहीतर ताक."

मी कपाळाला हात लावला. बेकरीवाले उसळले. म्हणाले, साहेब, एक बाई इतकी वर्षं पिशव्या सांभाळतेय, जरा दिल मोठं करा, एकदा पानीवाली म्हणा, तुमचं काय जातं? इंजिनिअरांचा चेहरा पडला. त्यांना माझी कीव येत नव्हती असं नाही. शेवटी म्हणाले, "वहिनींसाठी मी काहीही करीन. पण कोस्टरला होडी म्हणणार नाही." आणि ते अर्धी खारी तशीच टाकून निघून गेले.

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या घरी कोथिंबीर मागायला गेले नाही. मग बेकरीवाल्यांनीच मार्ग काढला. ते म्हणाले, ज्यांच्यासमोर सोडलं त्यांनाच विचारू. आणि त्या रविवारी गरम खारीचा पुडा घेऊन ते आमच्या घरी हजर. इंजिनिअरही आले, कारण आपलं म्हणणं कोणी चुकीचं मांडेल याची त्यांना धास्ती.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चित्रफीत बघितली, फोन डोळ्यांपासून लांब धरून. रूळ, चाकं, होडी, पाणी, दोघांचीही बाजू ऐकली. मला वाटलं त्यांना यातलं ओ की ठो समजलं नसणार. त्यांनी खारीचा तुकडा चहात बुडवला आणि विचारलं, "तिच्यात पोटात गोळा येतो का?"

बेकरीवाल्यांनी चित्रफीत थांबवली.

"इतकं सोपं हाये," त्या म्हणाल्या. "हिनं लोखंड सोडलं नाय, का रूळ सोडला नाय. हिनं त्यो गोळा सोडला. कन्नडच्या घाटात एस.टी. उतारावर सुटली की येतो ना, त्यो. होडीत गोळा येत असंल तर ती सोडलेलीच हाये, बसायचं नाय. येत नसंल तर खुशाल बसावं."

इतक्या वर्षांत इंजिनिअरांना अशी व्याख्या सुचली नव्हती. आणि मी पुरती फसले होते. गोळा असेल तर बसता येणार नाही, आणि नसेल तर त्या राईडवर बसायचं कशाला? तरीही बसायचं होतं. निदान मत तरी मिळालं असतं.

"पण गोळा येतो की नाय ते कोण सांगणार?" आत्याबाईंनी विचारलं. "तू नाय. तुला बसायचंय, तू नाय म्हणशील. हे बेकरीवाले भाऊ तुझ्या बाजूचे. हे साहेब हट्टाला पेटलेले. तिसराच माणूस पायजे."

त्यांनी मान वळवली. कोपऱ्यात माझा नवरा पेपर तोंडासमोर धरून बसला होता. पेपर हळूहळू आणखी वर गेला.

"ह्यो बसंल," आत्याबाई म्हणाल्या.

"मी?" पेपराच्या आतून आवाज आला.

"तूच. शेपू सोडणाऱ्यानं एवढं तरी करावं."

त्या महिन्यात माझ्या नवऱ्याला एकाएकी पाठदुखी झाली, मग ऑफिसात तातडीचं काम निघालं, मग गाडीचा पट्टा तुटायला आला. पण आत्याबाई त्याच्या आई होत्या, त्यांना ही सगळी दुखणी त्याच्या शाळेपासून माहीत होती. ठरल्या दिवशी आम्ही पाच जण पार्कात पोचलो. आत्याबाई नव्या लुगड्यात, डोक्यावर छत्री, कंबरेला पानाची पिशवी. लग्नाला आल्यासारख्या सगळीकडे बघत होत्या.

राईडच्या दाराशी बोर्ड होता. हृदयविकार, पाठीचे विकार, चक्कर, असं काही असलेल्यांनी बसू नये, असं त्यावर लिहिलेलं. माझ्या नवऱ्यानं तो बोर्ड आशेनं शेवटपर्यंत वाचला. एकही आजार त्याला नव्हता. त्यानं खिशातलं सगळं माझ्या हातात दिलं, चष्माही दिला. जाताना म्हणाला, "गॅसची टाकी बुक करायची राहिलीय, तेवढं लक्षात ठेव."

मी त्याला म्हणाले, "अहो, राहू द्या. नका बसू. मला नाही बसायचं त्या होडीत." आणि त्या क्षणी मी मनापासून म्हणाले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. इतकी वर्षं मी त्याच्या भित्रेपणावर विनोद केले, पण पाचावर धारण बसलेला माणूस असा दारातून आत जाताना बघणं काही विनोदी नव्हतं.

तो म्हणाला, "तू पिशव्या धरून उभी राहतेस ते मला आवडत नाही." आणि तो गेला.

आम्ही चौघं बाहेर कठड्याशी उभे. होडी पाण्यातून डुलत आली. भोवती कॉलेजची पोरं आरडाओरडा करत होती आणि मधोमध माझा नवरा, ताठ, डोळे घट्ट मिटलेले. होडी रुळावर चढली. वर गेली. शिखरावर क्षणभर थांबल्यासारखी वाटली आणि सुटली. मला पाणी दिसलं नाही, पोरं दिसली नाहीत. मी फक्त त्याच्याकडे बघत होते. पोरांचे सगळ्यांचे हात वर होते. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज निघत नव्हता.

आमच्या मोजमापात याचा अर्थ काय होतो हे मला, इंजिनिअरांना आणि बेकरीवाल्यांना नेमकं माहीत होतं. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी मनातल्या मनात होडीवर पाणी सोडलं. संपलं. आता घरी जायचं.

तो बाहेर आला. नखशिखान्त भिजलेला, शर्ट अंगाला चिकटलेला. आल्या आल्या त्यानं कठडा दोन्ही हातांनी धरला. आत्याबाई छत्री घेऊन त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"खरं सांग. आला का गोळा?"

त्यानं आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्यात पाच जणांच्या पिशव्या होत्या.

"छे," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला म्हणून त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली. "कसला गोळा? काही नाही त्यात. आपली एस.टी. बरी."

इंजिनिअरांनी बोलायला तोंड उघडलं. बेकरीवाल्यांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

आत्याबाईंनी लेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग माझ्या गळ्यातल्या पिशव्या एकेक करून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. "जा," त्या मला म्हणाल्या. मी वळले तेव्हा त्यांनी माझी ओढणी धरली आणि कानाशी तोंड आणून पुटपुटल्या, "खोटं बोलतोय त्यो. सगळं अंग कापतंय. पण मी इचारलं आन्‌ त्यानं सांगितलं. आता इश्वेश्वराला काय जाब द्यायचा त्यो त्याचा त्यो दील. तू बस जा."

आम्ही तिघं बसलो. मी मागची सीट घेतली. होडी डुलली, चढली, आणि शिखरावर पोचताच खालचं सगळं पार्क एका पाटीवर मांडल्यासारखं दिसलं. मग बूड उचललं गेलं. मी "आला, आला" म्हणून ओरडणार होते, पण आवाजच फुटला नाही. कुठल्याही कोस्टरवर इतका गोळा मला कधी आला नव्हता. खाली येऊन पाण्यात शिरलो, अंगावर पाण्याची भिंत कोसळली आणि मी हसत होते की रडत होते ते माझं मलाच समजत नव्हतं.

उतरेपर्यंत माझं मत तयार झालं होतं. पूर्ण मत. मागची सीट पुढच्यापेक्षा का सरस, शिखरावरचा तो क्षणाचा थांबा किती हुशारीनं ठेवलाय, पाणी हा मेकअप नव्हे तर गोळ्याचा शेवट कसा आहे, आणि या एका राईडपुढे आमचं सगळं जुनं भांडण किती पोरकट होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं मत जिभेवर नुसतं थुईथुई नाचत होतं. बेकरीवाले डोळे पुसत होते. इंजिनिअर माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "माझं मत मी राखून ठेवतो." त्या माणसासाठी हे फार होतं.

बाहेर कठड्याशी आत्याबाई सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उभ्या होत्या. शेजारी माझा नवरा, अजून ओला, अजून दोन्ही हातांनी कठडा धरून. तो श्वास रोखून माझ्याकडे बघत होता.

आत्याबाईंनी विचारलं, "काय गं? आला का?"

"नाही आला, आत्याबाई," मी म्हणाले. "नुसतं पाणी आहे."

तेव्हा कुठे माझ्या नवऱ्यानं कठडा सोडला.